मधल्या खांबाचा संशय

कुणाच्या जुन्या घरात गेले की बसायच्या आधी मी खांबाला बोटाचं पेर मारून बघते. सुना मला हसतात. एकदा मुलगी बघायला गेलेल्या घरी असं केलं, तर त्या बाईंना वाटलं मी लाकूड सागाचं आहे का जांभळीचं ते जोखते आहे, आणि सोयरीक होता होता राहिली. आता त्यांना कसं सांगणार, की बाई, मला तुमच्या लाकडाची किंमत करायची नाही, मला फक्त त्याचा भरवसा वाटत नाही. शाळा माझी दुसरीपर्यंतची. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुडीच्या कागदांवर. तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नका, काय झालं ते ऐका.

बोर्ली पंचतनच्या बाजारापासून पायी तासाभरावर आमचं गाव. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे मुंबईला गिरणीत होते, वर्षातून दोनदा घरी यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. घरात मी, माझ्या दोन लहान मुली आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं, आणि माजघराच्या बरोबर मध्ये एक ऐनाचा खांब. सासऱ्यांनी तरुणपणी डोंगरातून लाकूड आणून तो उभा केलेला. त्या खांबावर आडवी तुळई, तुळईवर माळा, आणि माळ्यावर आमची कणगी. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, माणूस आत उभं राहील एवढी मोठी टोपलीच. वर्षाचं भात तिच्यात. खाली ठेवलं तर ओल लागते, उंदीर खातात, म्हणून वर.

आणि खांबाच्या खाली कोण, तर आत्या. दिवसभर त्याला पाठ लावून बसायच्या. तांदूळ निवडणं तिथं, पान खाणं तिथं, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी तिथंच. त्यांच्या पाठीनं खांबावर एक काळा तुकतुकीत डाग पडला होता, तेल लावल्यासारखा. निजायच्याही तिथंच, दोन्ही बाजूंना माझ्या मुली घेऊन.

त्या वर्षी दिवाळी झाली, झोडणी झाली, भात पडवीत येऊन पडलं. माळ्यावर चढवायच्या आधी शिडीची एक पायरी मोडली होती, ती बसवायला मेस्त्रीला बोलावलं. गावातलाच सुतार, आत्यांना काकी म्हणणारा, कमी बोलणारा. पायरी बसवली, चहा घेतला, आणि निघता निघता त्यानं मधल्या खांबावर हातोडीचा दांडा मारला. एकदा वर, एकदा खाली. मग वाकला, पिशवीतून पटाशी काढली आणि खांबाच्या पायथ्याशी टोचली. पटाशी अर्धी आत गेली. बटाट्यात सुरी जावी तशी.

तो उठला आणि शांतपणे म्हणाला, “वयनी, खांब गेला. वाळवी हाय. भात वर चढवू नका.”

पुढं त्यानं सगळं समजावून सांगितलं. खांब अख्खा बदलायला हवा. त्यासाठी त्या अंगाची कौलं उतरवायची, माळा मोकळा करायचा, तुळई उचलायची. चार माणसं, आठ-दहा दिवस. आणि नवीन खांबाला लाकूड म्हणाल, तर तुमच्या परसात फणस उभा आहेच. तो तोडू. एक खांब तुम्हाला होईल, उरलेलं लाकूड माझ्या मजुरीत मी नेईन.

हे फणसाचं बोलला नसता तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. पण फणसाचं नाव निघालं आणि आत्यांनी पानाचा चुना अंगठ्यावर तसाच धरून त्याच्याकडं असं बघितलं की मेस्त्री चप्पल घालायला लागला. तो माडांच्या आगरापलीकडं गेल्यावर त्या म्हणाल्या, “दोन वरसं झाली, फणसावर डोळा हाय त्याचा.”

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दरवाजासाठी त्यानं तो फणस मागितला होता आणि आम्ही दिला नव्हता. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. वाळवी खांबात होती का नव्हती देव जाणे, पण माझ्या डोक्यात त्या दिवसापासून होती. पटाशी आत गेली ती लाकूड पोकळ म्हणून, का मेस्त्रीच्या मनगटात जोर म्हणून? सुताराच्या पटाशीला धार असते, ती कुठल्या लाकडात जाणार नाही? त्यानं नेमकं तिथंच का टोचलं? मी चुलीपाशी असायची ती जुनी सुरी घेतली आणि आत्या आंघोळीला गेल्या तेव्हा खांब टोचून बघितला. छातीच्या उंचीवर सुरी जाईना, टोकच वाकलं. पायथ्याशी मात्र गेली. मग वाटलं, त्याच्याच भोकात तर नाही ना गेली? म्हणून दुसऱ्या बाजूनं टोचली. गेली. तिसऱ्या बाजूनं टोचायचा मला धीर झाला नाही.

बरं, वाळवी असेलही. पण मग ती आली कुठून? वाळवीला ओल लागते. आणि माजघराच्या त्या भिंतीपलीकडं कुणाचं घर, तर माझ्या मोठ्या जावेचं. चुलत दिराची बायको ती. तिची न्हाणी आमच्या भिंतीला लागून. आता सांगा, संशय कुणावर जाणार? मी दोन दिवस भिंतीला हात लावलावून ओल शोधली. हात लावला की थंड लागायची, आणि थंड लागली की मला ओली वाटायची. सकाळी तिच्या न्हाणीत पाण्याचा आवाज आला की मी इकडं घमेलं आपटायची.

सरळ विचारायची पद्धत नव्हती आमच्यात. मी अंगणात दाणे टाकता टाकता कोंबडीला म्हटलं, दुसऱ्याच्या घरात पाणी सोडून स्वतः कोरडी फिरतेस व्हय गो. पलीकडून जावेनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हशीला सांगितलं, बाय, आधी तुझ्या अंगावरच्या माश्या बघ, मग दुसरीच्या शेपटीकडं बघ. असं चार दिवस चाललं. कोंबडी आणि म्हैस बिचाऱ्या फुकट बोलणी खात होत्या.

पाचव्या दिवशी जाऊ स्वतः आली. हातात तांब्याभर कालवलेला गेरू, दिवाळीच्या रांगोळीतला उरलेला. मला म्हणाली, चल. मला तिच्या न्हाणीत उभं केलं आणि तो सगळा गेरू दगडावर ओतला, वर दोन घागरी पाणी. लाल पाणी न्हाणीतून बाहेर पडलं, उलट्या अंगाला वळलं आणि तिच्या अळवात जाऊन थांबलं. आमच्या भिंतीकडं एक थेंब नाही. अळवाची पानं आठ दिवस खालून लाल होती. ती म्हणाली, “आता कोंबडीला सांग.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जाऊ मनाची मोठी, तिथंच विषय सोडला आणि खांब बघायला आली. तिनंही टोचून बघितला. मग आम्ही दोघी पडवीत भाताच्या पोत्यांवर बसून विचार करायला लागलो.

यांना पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर तेवढ्यात आलं. मेस्त्री म्हणतो ते खरे असेल, मी शिमग्याला येतो, तोवर खांबाला हात लावू नये, भात खालीच ठेवावे. झालं. शिमगा म्हणजे चार महिने. चार महिने उंदरांना पंगत. आणि दुसरं असं, की मेस्त्रीचा धाकटा भाऊ मुंबईला यांच्याच खोलीत राहायचा. पत्रातलं ते ‘मेस्त्री म्हणतो ते खरे असेल’ मी तीनदा वाचलं. मला त्यात फणसाचा वास आला. आता हसू येतं, पण एकदा माणूस संशय घ्यायला लागलं की पोस्टमनलासुद्धा सोडत नाही. पत्र उघडून परत चिकटवलेलं दिसतंय का, तेही मी बघितलं होतं.

आत्यांना म्हटलं, निदान तुमचं अंथरूण पडवीत घालू. तर म्हणाल्या, चाळीस वर्षं पाठ लावलीय, मी हलले तर तोही हलेल. मुलींना मी माझ्याकडं घेतलं. आत्या तिथंच. रिकाम्या माळ्याचंही वजन कमी नव्हतं, शिवाय वरची कौलं. मी स्वयंपाक करताना सारखी माजघराकडं कान लावून असायची. भांडं पडलं तरी माझा जीव जायचा.

अशीच एका दुपारी मी मागच्या दारानं आत आले, तर आत्या खांबाला पाठ लावून नव्हत्या. खांबाकडं तोंड करून, गुडघ्यावर बसून, त्याला कान लावून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. जसं आपण आजारी माणसाच्या छातीला कान लावतो तसं. मला बघून त्या दचकल्या नाहीत, पण पदर सारखा केला.

मी विचारलं, “काय ऐकताय, आत्या?”

“खातात त्या. करकर येते.”

“कधीपासून?”

त्यांनी परत एकदा खांबाला कान लावला. मग म्हणाल्या, “गेल्या शिमग्यापासनं.”

आठ महिने. आठ महिने ही बाई वाळवीचा आवाज ऐकत होती, त्याच खांबाखाली माझ्या मुलींना घेऊन निजत होती, आणि एक शब्द नाही. मेस्त्रीवर संशय घेताना मला जेवढा राग आला नव्हता तेवढा आला. मी म्हटलं, सांगितलं का नाही? त्यांनी माझ्याकडं न बघता त्या काळ्या डागावरून हात फिरवला. म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही काढला असता. त्यांनी उभा केलेला हाय. दुसरं काय राहिलंय त्यांचं घरात?”

मी चुलीकडं गेले आणि उगाच लाकडं पुढं सारली. पण त्या मागून आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, की आवाज खालून येतो. गुडघ्याच्या वर कधी आलेला नाही. आठ महिने रोज ऐकलाय. वरचा खांब नीट हाय.

आणि इथं खरा पेच पडला. मेस्त्री म्हणतो अख्खा खांब गेला, कारण त्याला फणस हवा. आत्या म्हणतात गुडघ्यापर्यंतच गेला, कारण त्यांना खांब हवा. दोघांनाही काहीतरी हवं होतं. पटाशीवर विश्वास ठेवायचा की कानावर? आणि कान तरी कुणाचा, तर आठ महिने आपल्याशी लपवाछपवी करणाऱ्या माणसाचा.

आता माझ्या माहेरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील मुरुडच्या अलीकडं एका खाडीवर तरीची होडी चालवायचे, या काठाची माणसं त्या काठाला. दरवर्षी होडी वाळूवर ओढून तिच्या बुडाचं सडकं लाकूड बदलायचे. भरल्या अंगाची होडी उचलायला चार माणसं नाही, दोनच लागायची. दोन्ही बाजूंना टेकू लावायचे, आणि टेकूच्या बुडाखाली पाचरींच्या जोड्या, समोरासमोर. दोघांनी दोन बाजूंना बसायचं आणि एकाच वेळी ठोकायचं, हळूहळू. होडी तांदळाच्या दाण्याएवढी वर यायची. परत ठोकायचं, परत दाणाभर. लहानपणी आईला बरं नसलं की एका बाजूला मी बसायची. वडील म्हणायचे, “घाव दुसऱ्याचा ऐकून मारायचा. आणि लाकूड बोललं की थांबायचं.”

मी जावेला म्हटलं, होडी उचलतात तशी तुळई उचलू. दाणाभरच. खांबाचं खालचं सडकं कापून काढू आणि खाली दगड घालू. दगडाला वाळवी लागत नाही. जाऊ म्हणाली, आणि वर गेलेली असली तर? मी म्हटलं, कापल्यावर कळेल. ती म्हणाली, कापल्यावर कळून काय उपयोग, आपण खाली असू. तेही बरोबर होतं. खांब आतून वरपर्यंत पोकळ असला, तर टेकू काढल्यावर वजन त्याच्यावर येईल आणि तो मूठभर भुसा होऊन बसेल, तुळई, माळा, कौलं सगळं घेऊन.

दोन दिवस आम्ही नुसत्या खांबाभोवती फिरलो. मी स्वतः कान लावून बघितला. मला माझ्याच नाडीचा आवाज ऐकू यायचा. शेवटी आत्यांना विचारलं, अगदी समोर बसून. म्हटलं, आत्या, तुमच्या शब्दावर करवत लावते आहे. गुडघा म्हणजे गुडघाच ना? त्या उठल्या, खांबाशी उभ्या राहिल्या, लुगडं वर घेऊन आपला गुडघा दाखवला आणि त्याच्या वर चार बोटं धरली. “हितं काप. हितं वाजलं न्हाय कधी.” नखानं तिथं रेघ ओढली.

मग ठरलं.

टेकूंना माडाचे दोन ओंडके घेतले, जावेच्या म्हशीच्या गोठ्याला आणून ठेवलेले. पाचरी मी सरपणातल्या खैराच्या तोडल्या. मोठी करवत जावेच्या घरी होती. मुली शाळेत गेल्या, आत्यांना अंगणात बसवलं, आणि पदर खोचून आम्ही दोघी लागलो.

आधी पायथा मोकळा करायचा म्हणून मी कोयत्यानं सारवण खरवडायला घेतलं. आता बघा. आमच्याकडं जमीन सारवताना शेणाचं पोतेरं खांबावर वीतभर चढवायचं, गोल, सारखं, कडेनं बोटाची नक्षी. लग्न होऊन आले तेव्हा आत्या माझं सारवण खांबाशी वाकून तपासायच्या. वीतभर चढलं नसेल तर म्हणायच्या, घर नांदतं दिसत नाही. मग मी असं शिकले की साऱ्या आळीत माझ्यासारखं सारवण नव्हतं. दर आठ दिवसांनी, सणाला जास्त. नऊ वर्षं.

ते सारवण मी खरवडत होते आणि ते संपेना. थरावर थर, पापुद्र्यावर पापुद्रा, दोन बोटं जाडीचं. वरून खडखडीत, आतून ओलं गार. आणि शेवटचा थर निघाला तेव्हा त्याच्याखाली पांढऱ्या वाळव्या उजेडाला घाबरून पळायला लागल्या. माझ्या नक्षीच्या आडून त्या इतकी वर्षं आरामात वर चढत होत्या. दर आठ दिवसांनी मी त्यांना पाणी पाजत होते आणि वरून पांघरूण घालत होते.

मी मेस्त्री धरला, न्हाणी धरली, मुंबईचं पत्र धरलं. चोर माझ्याच हातातल्या पोतेऱ्यात बसला होता.

जावेच्याही घरातल्या खांबांना वीतभर सारवण होतं, तिची नजर भिंतीपलीकडं गेली होती. मग म्हणाली, चल, हात चालव.

खांबाच्या दोन्ही अंगांना ओंडके उभे केले, खाली फळ्या, फळ्यांखाली पाचरी. खांब पडू नये म्हणून काथ्यानं ओंडक्यांना बांधला. शिडीवर चढून मी खांबाच्या डोक्यावर, जिथं तुळई टेकते तिथं, केरसुणीचा एक हीर सारून बघितला. जाईना. म्हणजे वजन अजून खांबावर. खाली उतरले, बसले, आणि आम्ही ठोकायला लागलो. ती तिकडं, मी इकडं, एकदमच. मुसळं घालताना दोघींचे हात जुळलेले होते ते कामाला आलं. वीस-पंचवीस घावांनंतर वरून माती पडली. थांबलो. परत ठोकलं. तिसऱ्या वेळी चढून हीर सारला आणि तो या बाजूनं जाऊन त्या बाजूनं निघाला.

मग करवत. नखाच्या रेघेवर लावली. माझं सगळं लक्ष भुशाकडं. पहिल्यांदा साल, मग काळपट, मग कोरडा तपकिरी भुसा पडायला लागला, दाणेदार, ऐनाचा वास येणारा. मी चिमटीत धरून जावेला दाखवला. आतपर्यंत तसाच. म्हातारीचा कान खरा होता.

खालचा तुकडा ओढला तर हातात दोन भाग आले, आत मातीची घरं. तो बाजूला फेकला. तिथं जांभ्या दगडाचे दोन चिरे बसवायचे, चिऱ्यांवर आत्यांच्या जुन्या जात्याची तळी. जात्याची वरची पाळी फुटली होती, तळी परसात पडून होती. मला ती मागायचा धीर नव्हता, जात्यावर पाय पडलेला त्यांना चालायचा नाही. त्यांनीच सकाळी लोटत आणून दारात ठेवली होती.

पहिला चिरा बसला. दुसरा सारत होतो आणि लाकूड बोललं.

मोठा आवाज नव्हता. दाराची बिजागरी वाजावी एवढाच. मी वर बघितलं, तर जो हीर मी खाचेत तसाच ठेवला होता तो चेपून वाकडा झाला होता. तुळई खाली येत होती. जावेचे हात चिऱ्यावर तसेच राहिले. दोघींपैकी एकीलाही कळेना काय सुटतंय.

उंबऱ्यातून आवाज आला, “डावा टेकू बसतोय जमिनीत. तिथं पोकळ हाय, वारूळ हाय खाली.” आत्या आत येऊन उभ्या होत्या, कधी आल्या माहीत नाही.

त्या अंगाची जमीनही वाळवीनं पोखरलेली होती आणि ओंडका फळीसकट बोटभर खचला होता. ठोकत बसले असते तर आणखी खचला असता. मी शिडी ओढली. माळ्याचीच शिडी, बरोबर तुळईच्या उंचीची. ती उभी तुळईखाली घातली, बूड कडक जमिनीवर, मेस्त्रीनं बसवलेल्या नव्या पायरीला खांदा लावला आणि जावेनं बुडाखाली पाचर सारून एकेक घाव घातला. शिडी ताठ झाली. आवाज थांबला. मी खांदा काढला नाही. खांद्याला पायरी रुतत होती आणि मी मनात म्हणत होते, पायरी तरी खरी बसवली असशील रे बाबा.

खरी बसवली होती. जावेनं एकटीनं दुसरा चिरा सारला, आत्यांनी आणि तिनं मिळून तळी वर चढवली, फटीत खैराच्या पातळ चिपा मारल्या. मग उलट्या क्रमानं पाचरी सोडवल्या, आधी शिडीची, मग टेकूंच्या, दाणादाणा. वजन खांबावर आलं. खांब दगडावर बसला आणि बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. गावात काय लपतं. मला वाटलं हसेल नाही तर चिडेल. त्यानं खाली वाकून चिरे बघितले, तळीवरून हात फिरवला, वर जाऊन तुळई बघितली. कापलेला तुकडा अंगणात होता, त्याला पायानं उलटा केला. मी म्हटलंच, की मेस्त्री, वरचा खांब चांगला निघाला, तुम्ही तर अख्खा गेला म्हणत होता.

तो म्हणाला, “वयनी, आतलं दिसत न्हाय. दिसत न्हाय तर मी गेलाच म्हणनार. खाली काकी निजतात.” मग चप्पल घालता घालता थांबला. “फणसाचं त्याच टायमाला बोललो, ती चूक माझी.”

मी चहा टाकते म्हटलं तर थांबला नाही. तो गेल्यावर मला वाटलं, या माणसाचं ऐकलं असतं तरी चाललं असतं, आणि ऐकलं नाही ते बरं झालं. दोन्ही वाटलं. आजही दोन्ही वाटतं. शिमग्याला हे आले, खांब बघितला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग जाताना स्वतःच तळीभोवती चुना लावून गेले.

पण ते नंतरचं. त्या आठवड्यात आम्ही भात चढवलं. मी माळ्यावर, जाऊ शिडीवर. सूप-सूप करत कणगीत ओतत होतो आणि दर दोन सुपांनंतर मी थांबून ऐकत होते. आत्या खाली आपल्या जागी येऊन बसल्या होत्या, मी नको म्हटलं तरी. दगड पाठीला गार लागतो म्हणून कुरकुरल्या, मग फाटक्या गोधडीचा तुकडा मागे घेतला. खांबाचा काळा डाग होता तिथंच होता, त्यांच्या खांद्यांमागं.

कणगी अर्धी झाली तेव्हा मी वरून विचारलं, “आत्या, काय ऐकू येतंय?”

त्यांनी कान लावला. “तुझे पाय वाजतात.”

“आणखी?”

“न्हाय.”

“खरं सांगताय ना?”

खालून गोधडी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “खाली ये. तूच कान लाव.”

मी सूप ठेवलं, जावेला माळ्यावर घेऊन खाली उतरले आणि हातांना भाताचा कोंडा लागलेला तशीच खांबाशी बसले. जाऊ वर एकटीच चालत होती. तिची पावलं ऐकू आली, एक, दोन, थांबली. बाकी काही नाही. आत्या माझ्याकडं बघत होत्या. मी जमिनीवर खांबाभोवती चार बोटांची जागा बोटानं आखली आणि म्हटलं, यापुढं इथं सारवण लागणार नाही. त्यांनी त्या कोऱ्या जागेकडं बघितलं. घर नांदतं दिसत नाही असं त्या आता म्हणतील, याची मी वाट बघत होते.

“आणखी दोन बोटं सोड,” त्या म्हणाल्या, आणि पाठ लावून बसल्या.